गेलेला परवा, येणारा परवा

बायको काय काम करते, असं कुणी विचारलं की आमचे हे वर्षानुवर्षं एकच उत्तर देत आले, "नावं ठेवते." समोरचा हसायचा आणि मी यांच्याकडे डोळे वटारून बघायचे. पण त्यात खोटं काय होतं? खराडीच्या एका कंपनीत निवृत्त होईपर्यंत मी मुख्यतः तेच केलं. सॉफ्टवेअरमधल्या गोष्टींना नावं दिली, आणि दुसऱ्यांनी दिलेल्या नावांना नावं ठेवली. दुसऱ्या कामात माझा हात जास्त चांगला बसला होता, असं टीममधल्यांचं मत होतं.

आमची कंपनी डायलिसिस केंद्रांसाठी सॉफ्टवेअर बनवायची. मूत्रपिंडं निकामी झालेल्या माणसाचं रक्त यंत्रातून साफ करून परत शरीरात सोडतात, ते डायलिसिस. बहुतेकांना तो आठवड्यातून तीनदा लागतो आणि चुकवून चालत नाही. आमचं एक सॉफ्टवेअर पेशंटच्या तारखा सांभाळायचं, आणि दुसरं त्यांना घरून आणणाऱ्या गाड्या सांभाळायचं. अशी दोन सॉफ्टवेअर ज्या खिडकीतून एकमेकांशी बोलतात तिला एपीआय म्हणतात, आणि त्या खिडकीतून आत जी माहिती सरकवायची ते पॅरामीटर. स्वारगेटला एसटीच्या खिडकीवर आपण सांगतो ना, सातारा, उद्या सकाळी, दोन फुल एक हाफ, तसंच. फरक एवढाच, की खिडकीमागचा माणूस वैतागून का होईना, "उद्या म्हणजे रविवारी ना?" असं विचारतो. सॉफ्टवेअर विचारत नाही. त्याला जे समजलं तेच खरं धरून ते कामाला लागतं.

म्हणून काय, कुठे, कोणत्या नावाने आणि कोणत्या रूपात पाठवायचं, हे आधी ठरवावं लागतं, आणि एकदा ठरलं की सगळ्या खिडक्यांवर तेच पाळावं लागतं. ऐकायला किती सोपं! पण आमच्याकडे एका खिडकीवर पेशंटचा नंबर त्या खिडकीच्या इंटरनेटवरच्या पत्त्यातच घालायचा, दुसरीवर पत्त्यापुढे प्रश्नचिन्ह देऊन, तिसरीवर आतल्या मजकुरात. तारीख कुठे दिवस आधी, कुठे महिना आधी. ज्याने जी खिडकी बांधली त्याने तिला आपल्या मनाने झरोके ठेवले.

स्वारगेटजवळच्या एका जुन्या रुग्णालयात कुलकर्णी म्हणून गृहस्थ होते. तिथलं सगळं कॉम्प्युटरचं काम त्यांच्याकडे. एकदा त्यांचा फोन आला. "मॅडम, आपल्याकडे पेशंटला एका ठिकाणी पेशंट म्हणतात, दुसऱ्या ठिकाणी मेंबर, तिसऱ्या ठिकाणी युजर. आमच्याकडे आजारी माणूस म्हणतात. तेही पाठवून बघू का?" मी म्हटलं, "बघा." ते म्हणाले, "बघितलं. तेही चाललं. चुकीचं नाव पाठवलं तरी आपलं सॉफ्टवेअर काही बोलत नाही. फार सोशिक आहे हो!" आणि फोन ठेवला. मला राग आला, पण माणूस बरोबर बोलत होता.

अशा गोष्टी मी बैठकीत मांडायचे आणि आमचे मॅनेजर दीक्षित म्हणायचे, "मॅडम, चालतंय ना? मग चालू द्या." चालतंय या शब्दाने आमच्या धंद्याचं जेवढं वाटोळं केलंय तेवढं कुठल्याही व्हायरसने केलेलं नाही.

आणि मग एका सोमवारी सकाळी तक्रार आली. वाघोलीचे एक पेशंट, गजभिये सर, निवृत्त शिक्षक. शनिवारी त्यांना न्यायला गाडी आली नाही. रविवारी त्यांना श्वास घेता येईना. फुप्फुसात पाणी झालं होतं. अतिदक्षता विभागात ठेवलं होतं.

झालं होतं ते असं. सरांचा डायलिसिस मंगळवार, गुरुवार, शनिवार. त्या आठवड्यात गुरुवारी यंत्रांच्या दुरुस्तीसाठी केंद्र बंद राहणार होतं, म्हणून त्यांना बुधवारीच बोलावून घेतलं. बुधवारचा डायलिसिस उरकल्यावर केंद्राच्या सॉफ्टवेअरने गाडीच्या सॉफ्टवेअरला नेहमीप्रमाणे एक आकडा पाठवला. त्या पॅरामीटरचं नाव होतं 'डेज', म्हणजे दिवस. बाकी काही नाही, नुसतं दिवस. एरवी तिथे दोन जायचे. त्या दिवशी एक गेला.

केंद्राची बाजू लिहिणारा निखिल म्हणाला, "बरोबरच आहे. आधीचा डायलिसिस एक दिवसापूर्वी झाला होता, मंगळवारी. म्हणून एक." गाडीची बाजू लिहिणारी ऋतुजा म्हणाली, "पण एक म्हणजे पुढचा डायलिसिस एका दिवसाने, गुरुवारी. म्हणून गुरुवारी गाडी पाठवली." गुरुवारी गाडी खरंच सरांच्या दारात गेली होती. आज केंद्र बंद आहे, असं सांगून त्यांनी ती परत पाठवली. ड्रायव्हरने पेशंट आले नाहीत अशी नोंद केली, आणि केंद्राकडून नवा आकडा न आल्याने सॉफ्टवेअरने तो आठवडा संपला असं धरून पुढची फेरी थेट मंगळवारची लावून टाकली.

"पण तुमचं ठरलं काय होतं?" मी विचारलं. दोघं एकमेकांकडे बघायला लागले. ऑफिससमोरच्या टपरीवर चहा पिताना ठरलं होतं. निखिल म्हणाला होता, "मग मी परवाचं पाठवतो, दोन." ऋतुजा म्हणाली होती, "हो, परवाचं पाठव."

अरे देवा! मी कपाळाला हात लावला. त्याच्या मनात गेलेला परवा होता, हिच्या मनात येणारा. त्याला वाटलं, मागचा कधी झाला ते कळवलं की पुढचा हे लोक काढतील. हिला वाटलं, पुढचा कधी ते केंद्रच कळवणार. आणि डायलिसिस एक दिवसाआड, रविवार दोघांनीही मोजणीतून वगळलेला, त्यामुळे मागेही दोन आणि पुढेही दोन. कितीतरी महिने गाड्या बिनबोभाट बरोबर दिवशी जात राहिल्या. त्या चहाला आमचा एखादा चेन्नईचा सहकारी असता तर दोघांना इंग्रजीत बोलावं लागलं असतं, आणि परवाचे तिथल्या तिथे दोन तुकडे झाले असते. पण होते दोघेही सदाशिव-नारायण पेठेतले, शुद्ध मराठी बोलणारे. मी तिथे असते तरी मान डोलावलीच असती.

दीक्षित म्हणाले, "एक ओळ बदलू या. निखिल पुढचे दिवस पाठवेल. तासाभराचं काम." मी म्हटलं, "आणि नाव?" "नावाला काय झालंय? नाव बदललं तर सगळ्या केंद्रांचं मोडेल." माझा आवाज चढला. "मोडू दे ना! मोडलेलं दिसतं तरी. हे मोडलं नाही म्हणूनच एक माणूस ऑक्सिजनवर आहे." दीक्षित माणूस वाईट नव्हते. ते म्हणाले, "तुम्ही आधी शांत व्हा, मग बोलू." मी शांत झाले नाही.

सर घरी आल्याचं कळलं तेव्हा मी त्यांच्याकडे गेले. जाऊ नका, असं मला ऑफिसात बजावलं होतं. पण मीही वाघोलीतच राहते, त्यांची सोसायटी आमच्यापासून चालत जाण्यासारखी. शेजारच्या आजाऱ्याला भेटायला कुणाची परवानगी लागते?

दार गजभिये काकूंनी उघडलं. मी माझं नाव आणि कुठून आले ते सांगितलं. त्या दारातून बाजूला झाल्या. सर पलंगावर उशांना टेकून बसले होते. "मेश्राम म्हणजे नागपूरकडच्या का?" "हो सर." "मग जय भीम. बसा. आम्ही भंडाऱ्याचे." मुलाच्या नोकरीमुळे दोघं इकडे आले होते. मुलगा त्या शनिवारी कामासाठी परगावी होता.

"सकाळपासून तयार होऊन बसून होते, बाई," काकू म्हणाल्या. "गॅलरीत खुर्ची लावून. हॉर्न वाजला का, हॉर्न वाजला का, असंच पाहून राहिले होते. मी फोन लावला तर पोरगी म्हणते, पुढची गाडी मंगळवारी हाय. म्हटलं, बाप्पा, या हप्त्यात सारंच मागंपुढं झालं, असंल तसंच. आता काहून असं झालं, ते तरी सांगा न."

मी परवाची सगळी हकिगत सांगितली. वाटलं होतं, संतापतील. सर डोळे मिटून ऐकत होते. मग म्हणाले, "मी आयुष्यभर मराठी शिकवलं, बाई. परवा हे क्रियाविशेषण. ते कधी एकटं सोडायचं नसतं. परवा गेलो, परवा जाईन. दिशा क्रियापदात असते. तुमच्या मुलांनी क्रियापदच गाळलं." थोडा दम घेऊन म्हणाले, "अर्धवट वाक्य लिहिलं की मी गुण कापायचो."

मला रडू आलं. काकूंनी पाणी आणून दिलं. अशा घरी जाऊन आपणच पाणी प्यायचं, याची मला फार लाज वाटली.

"झालं ते झालं," सर म्हणाले. "आता एकच सांगा. यापुढे गाडी बरोबर दिवशी येईल?"

"येईल, सर."

"कशावरून?"

येईल एवढंच मी पुन्हा म्हटलं आणि उठले.

दुसऱ्या दिवसापासून मी नियम लिहायला बसले. यापुढे मोजलेले दिवस कुठल्याच खिडकीतून जाणार नाहीत. जाईल ती पूर्ण तारीख, आधी वर्ष, मग महिना, मग दिवस, सगळीकडे एकच. पेशंटला पेशंटच म्हणायचं आणि त्याचा नंबर नेहमी पत्त्यातच. प्रश्नचिन्हापुढे फक्त शोधाच्या अटी. तारखेच्या नावात ती झालेल्या डायलिसिसची की होणाऱ्याची, हे आलंच पाहिजे. नाव लांब झालं तरी चालेल. हे सरांचं क्रियापद. आणि चुकीचं किंवा अनोळखी नाव आलं तर सॉफ्टवेअरने मुकाट्याने गिळायचं नाही, तिथल्या तिथे परत करायचं आणि काय चुकलं ते स्पष्ट सांगायचं.

सगळ्यात मोठा वाद झाला तो न आलेल्या पॅरामीटरवर. एखादी माहिती रिकामी पाठवणं आणि पाठवलीच नसणं, या दोन्हींना आमची मुलं एकच समजायची. मी म्हटलं, "'काही बोलले नाहीत' आणि 'नाही म्हणाले' यांतलं अंतर लग्नं जमवणाऱ्या कुणालाही विचारा." मग असं ठरलं, की पुढच्या डायलिसिसची तारीख रिकामी आली तर ती चूक धरून परत करायची. आणि केंद्राकडून काहीच आलं नाही, तर पेशंटचे ठरलेले वार धरून गाडी पाठवायची. निखिल म्हणाला, "मॅडम, एखादी फेरी फुकट जाईल." मी म्हटलं, "जाऊ दे फुकट. दारात कुणी बसून राहता कामा नये."

केंद्रांना बदलायला लावणं हे खरं काम. कुणाकडे माणूस नव्हता, कुणाकडे वेळ नव्हता, कुणाला मुळात प्रश्नच कळत नव्हता. सगळे आले तरी कुलकर्णी राहिलेच. मी स्वतः स्वारगेटला गेले. ते म्हणाले, "या, या. इतकी वर्षं आम्ही ओरडत होतो तेव्हा आपल्याला वेळ नव्हता. आता आम्हाला नाही." मी वाद घातला नाही. गजभिये सरांचं सगळं सांगितलं, गॅलरीतल्या खुर्चीसकट. ते ऐकत राहिले. चष्मा काढून पुसला, परत घातला. "उद्या करतो," म्हणाले, आणि मी उठताना पुन्हा म्हणाले, "उद्या म्हणजे मंगळवारी. तारीख घालून मेल करतो." त्यांनी केलं, आणि जुनी खिडकी आम्ही बंद केली.

त्यानंतर सरांची गाडी चुकली नाही. दिवाळीत वार बदलले, केंद्रातलं पाणी शुद्ध करायचं यंत्र बिघडलं, सरांना मध्येच एक जादा डायलिसिस द्यावा लागला, तरी गाडी यायची त्याच दिवशी आली. मी अधूनमधून त्यांच्याकडे जायचे. सर दरवेळी विचारायचे, "वाक्य पूर्ण आहे ना?" मी म्हणायचे, "पूर्ण आहे." ते मान हलवायचे. पण माणूस उतरत चालला होता. हात काळे-निळे पडलेले, जेवण जाईना. काकू मला दारापाशी आणून हळू आवाजात म्हणायच्या, "थकून राहिले आता."

सर सोमवारी गेले. पहाटे, घरीच, झोपेत. मला माहीत नव्हतं. बुधवारी काकूंचा फोन आला.

"बाई, आमचे साहेब गेले."

मी काहीतरी बोलले असेन, आता आठवत नाही.

"काल गाडी आली होती," काकू म्हणाल्या. "मंगळवार होता न. खाली हॉर्न वाजला, तशी मी सवयीनं उठून त्यांची पिशवी घेतली. घरात इतके पाहुणे, सारे माझ्याकडे पाहून राहिले. मुलगा खाली गेला. ड्रायव्हर बिचारा वर आला, चपला काढून बसला, रडला." मग विचारलं, "उद्याही येईल का हो? आम्ही कुठं कळवायचं?"

मी फोन हातात धरून बसले. कुठे कळवायचं? पेशंट आजारी आहे, वेळ बदलली, पत्ता बदलला, केंद्र बदललं, सगळं कळवायला आम्ही पॅरामीटर ठेवले होते. आता गाडी नको, हे सांगायला जागाच नव्हती. कुणी काही कळवलं नाही की ठरलेल्या वारी गाडी जाणार, हा माझाच नियम होता. तो चुकीचा होता असं मी म्हणत नाही. परत लिहायला बसवलं तर तोच लिहीन. पण त्या बाई नवऱ्याची पिशवी घेऊन उठल्या, हे मी आजतागायत विसरू शकलेले नाही.

गुरुवारची फेरी मी तिथल्या तिथे हाताने रद्द करायला लावली आणि टीमला बोलावलं. नव्या पॅरामीटरला नाव काय द्यायचं, हा प्रश्न. निखिल म्हणाला, "रुग्णालयात तर एक्सपायर झाला म्हणतात. एक्सपायर्ड ठेवू या?" मी म्हटलं, "एक्सपायर दुधाची पिशवी होते." तो खाली बघायला लागला. ऋतुजा म्हणाली, "मग नुसतं, या तारखेपासून गाडी नको. एवढंच." मला पटलं. दीक्षितांनी विचारलं, "आणि कारण? अहवालाला लागेल." मी नाही म्हटलं. कारण विचारायचं नाही. ज्यांच्या घरातलं माणूस गेलंय त्यांच्याकडून ते पुन्हा टाइप करून घ्यायचं नाही. दीक्षितांनी पहिल्यांदाच वाद घातला नाही. काम शुक्रवारी पूर्ण झालं. सरांचा नंबर आणि शनिवारची तारीख मी स्वतः भरली.

शनिवारी सकाळी गाडीच्या वेळेला मी त्यांच्या सोसायटीच्या फाटकाशी जाऊन उभी राहिले. नोंद झाली होती, उत्तरही आलं होतं, पण मला डोळ्यांनी बघायचं होतं. शाळेच्या बसेस गेल्या, दूधवाला गेला, पाण्याचा टँकर आत शिरला. गाडीची वेळ झाली आणि टळून गेली. गाडी आली नाही.

मी वर पाहिलं. काकू गॅलरीत कठड्याला धरून उभ्या होत्या. त्यांचीही नजर रस्त्याकडेच होती. मी वर गेले.

"नाही आली," त्या म्हणाल्या.

"नाही काकू. आता नाही येणार."

"हो," त्या म्हणाल्या, "बरं झालं." आणि सर गेल्यापासून डोळ्यांतून टिपूस न काढलेली ती बाई माझ्या खांद्यावर डोकं टेकून मोठ्याने रडायला लागली.